पायरीवर बूट नव्हते

वलसूनला आयुष्यात दोन गोष्टींची खरी भीती होती, बंद खोलीची आणि कोळशाच्या वडीची. आणि मुकगोलच्या चर्चमंडळीनं तिच्या गळ्यात काय मारलं, तर नेमकं बंद खोलीत कोळशाची वडी पेटवायचं काम.

मुकगोल हे कोळशाचं गाव. डोंगराच्या पोटात खाण, अंगावर घरं, आणि प्रत्येक घराच्या जमिनीखाली ती भोकाभोकांची काळी वडी पेटलेली. तिची ऊब जमिनीखालच्या वाटांनी फिरते आणि माणसं वर अंथरूण टाकून झोपतात. जमिनीला कुठे केसाएवढी चीर असली तर उबेबरोबर गॅसही वर येतो आणि झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. दर हिवाळ्यात कुणाच्या तरी घरून अशी बातमी यायचीच. लोक चुकचुकायचे, नवी वडी आत सरकवायचे आणि आडवे व्हायचे. वलसूनला ते कधी जमलं नाही. भर थंडीत ती खिडकी हातभर उघडी टाकून, दोन रजया अंगावर ओढून झोपायची. वलसूनताई अख्ख्या डोंगराला शेक देते, असं शेजारणी म्हणायच्या.

हसणाऱ्यांना गिलसू माहीत नव्हता. तो तिचा धाकटा भाऊ. तरुणपणी दोघं शहरात कापडगिरणीत होती, एकाच भाड्याच्या खोलीत राहायची. तो रात्रपाळीला, ती दिवसपाळीला. एका सकाळी तो दमून आला. तिनं त्याच्यासाठी ताजी वडी घातली, पोराला गारठा लागू नये म्हणून दार घट्ट ओढून घेतलं आणि कामावर गेली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तो तसाच कुशीवर होता, गाल लालबुंद. त्या खोलीचा वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता. पुढे लग्न झालं, नवरा गेला, पन्नाशी उलटली, पण कुठलंही बंद दार उघडायचं म्हटलं की ती दुसऱ्या कुणालातरी पुढे करायची.

आता ज्या केंद्रासाठी ही वडी पेटवायची होती त्याविषयी. कल्पना योम पाळकांची. पाळक तरुण, शहरातून आलेले, आणि खाणीच्या गावात पोरांना बसायला जागा नसते हे त्यांना पहिल्याच हिवाळ्यात दिसलं. घर एका खोलीचं. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा त्याच खोलीत झोपणार, मग पोरांनी जायचं कुठे? ती बर्फात हुंदडायची, नाहीतर बिलियर्डच्या दुकानात धुरात बसायची. चर्चच्या मागे एक जुनं कोठार होतं. लोणच्याचे रांजण आणि मयताच्या वेळी अंथरायच्या चटया तिथे पडून असायच्या. ते रिकामं करून तरुणांसाठी केंद्र काढू, अभ्यास करतील, गातील, संध्याकाळी गरम नूडल्स खातील, असं पाळकांनी सभेत मांडलं.

थाक पंचांना हे मुळीच पटलं नाही. मंडळीच्या पंचांत ते सगळ्यात ज्येष्ठ, खाणीत मुकादमी केलेले. बोलले की अजूनही समोर बोगदा असल्यासारखे मोठ्यानं बोलायचे. आज पोरं अभ्यासाला येतील, उद्या सिगारेटी ओढतील आणि परवा आपल्याच दानपेटीत हात घालतील, असं त्यांनी भविष्य सांगितलं. शेवटी मतं पाळकांच्या बाजूनं पडली तेव्हा ते उठले आणि थेट वलसूनकडे बघून म्हणाले, "काढा केंद्र. पण एक जरी भानगड झाली ना, तर मी माझ्या हातानं कुलूप ठोकीन. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

वलसूनकडे बघून, कारण केंद्र सांभाळायचं तिनंच होतं. तिनं तेलाचा बॉयलर मागून पाहिला. कोळशाच्या गावात तेल मागणारी बाई पाहून सभेत पहिल्यांदाच थाक पंचांसकट सगळे एकदिलानं हसले. वड्या खाणीकडून फुकट मिळणार होत्या. तिला खरं तर तिथेच नाही म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही ती मिरानमुळे.

मिरान पंधरा वर्षांची, मानबोकची मुलगी. मानबोक खाणीत कामाला, आई कधीच घर सोडून गेलेली. मानबोक शुद्धीत असला की गरीब माणूस, पण प्यायला की त्याचा हात सुटायचा. मग मिरान पळून कुणाच्या तरी घरी लपायची आणि तो गल्लीतून प्रत्येक दाराच्या पायरीवर बूट बघत फिरायचा. कारण घरात शिरताना बूट पायरीवर काढायचे, हे मुकगोलचं तान्हं पोरसुद्धा विसरत नाही. कुणाच्या घरी कोण आलंय ते दार न वाजवता कळतं. मिरानचे बूट निळे होते. मागच्या शरदात ते वलसूनच्या पायरीवर सापडले आणि मानबोकनं पोरीला केसांना धरून वलसूनच्या डोळ्यांदेखत ओढत नेलं. वलसून भीतीनं भिंतीला चिकटून उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीला सांगितलं, "हे बघ, यापुढे कुठेही गेलीस तरी बूट हातात घेऊन आत जायचं. पायरीवर ठेवायचे नाहीत. कळलं?"

मिरान लगेच शिकली. केंद्राचं काम निघालं तेव्हा सगळ्यात आधी तीच मदतीला आली. चटया झटकल्या, रांजण ढकलले, आणि आतल्या लहान खोलीत पुस्तकांची फळी लागली तेव्हा तिच्याखालचा कोपरा आपला म्हणून सांगून टाकला. मागच्या खिडकीची कडी ढिली आहे, बाहेरून चाकूनं उघडते, हेही तिनंच वलसूनला हसत हसत दाखवलं होतं. वलसूननं ती बसवून घ्यायचं ठरवलं आणि राहून गेलं.

जमिनीचं काम मात्र तिनं डोळ्यांत तेल घालून करवून घेतलं. खालच्या वाटा साफ झाल्या, वर गिलावा झाला, तेव्हा तिनं वाटांच्या तोंडाशी असलेल्या चुलीत ओल्या पाइनची पानं पेटवली आणि जमिनीवर पालथी पडून कुठून धूर येतो ते बघितलं. जिथे जिथे धुराची रेघ दिसली तिथे पुन्हा गिलावा मारला. शनिवारी बायकांनी वर जाड कागद चिकटवला, सोयाबीनच्या तेलानं पुसला. आता तो वाळायला हवा होता. त्यासाठी दारं लावून मंद विस्तव ठेवायचा. आणि हेच दिवस वाईट असतात. नवा गिलावा पहिल्यांदा तापला की तडकतो, कुठे तडकला ते कागदाखाली दिसत नाही, म्हणून त्या दिवसांत आत कुणी पाऊल टाकत नाही. नंतर दारं उघडून वारा खेळवायचा, चिरा शोधून बुजवायच्या, मग माणसं बसवायची. बुधवारी उद्घाटन होतं.

रविवारी सकाळी, उपासनेच्या आधी, वलसून चिमट्यात पेटती वडी धरून कोठारामागे गेली. रात्री बर्फ पडलं होतं. चुलीचं तोंड बाहेरच्या बाजूला, त्यामुळे आत जायची गरज नव्हती. वडी आत सरकवताना चिमटा चुलीच्या कडेला वाजत राहिला. तिनं दुसरी वडी वर ठेवली, भोकाला भोक जुळवलं आणि मागे सरली.

मग ती पुढच्या बाजूला आली. दाराच्या कडीत कुलपाऐवजी चमचा खोचलेला होता, शनिवारी तिनंच खोचला होता तसाच. पायरीच्या दगडावर बर्फ, त्यावर कुणाच्या पावलाचा ठसा नाही. बूट नव्हते. दार उघडून एकदा आत बघावं असं तिच्या मनात आलं. तिनं चमच्याला हात लावलाही. पण आतली ती बंद, तापू लागलेली हवा तिच्या तोंडावर येईल या विचारानंच ती थबकली. पायरी रिकामी आहे, मग आत कोण असणार, असं तिनं स्वतःला समजावलं, हात मागे घेतला आणि चर्चची घंटा वाजायच्या आत तिथून निघाली. आपण घाबरून निघालो हे तिला कळत होतं. असं घाबरणं तिचं काही आजचं नव्हतं.

उपासनेला चर्च भरलं होतं. दाराशी फळीवर बुटांची रांग, आत एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, सगळे उशांवर मांडी घालून. गायनाच्या गटात मिरानची जागा रिकामी होती. वलसूनला ते दिसलं. काल बापाला पगार मिळाला असणार, तिला वाटलं, पोर कुठेतरी दडून असेल. पाळकांनी बुधवारच्या उद्घाटनाची सूचना दिली, थाक पंच खाकरले, दोघीतिघी हसल्या.

प्रवचन निम्म्यावर आलं तेव्हा मागे दाराशी गडबड झाली. मानबोक आला होता. आत न येता बुटांच्या फळीपाशी वाकून एकेक जोड हातात घेऊन बघत होता. स्वयंसेवक त्याला दबक्या आवाजात बाहेर काढायला लागले तसा तो चिडला नाही, उलट रडवेला झाला. काल रात्री पोर पळाली, आपण पहाटेपासून फिरतोय, असं तो सांगत होता. वलसून सगळ्यात मागच्या ओळीत होती, तिला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"अख्ख्या गल्लीच्या पायऱ्या बघितल्या," मानबोक म्हणाला. "वरच्या आळीच्या बघितल्या. तिचे बूट कुठेच नाहीत."

वलसूनला आधी बरं वाटलं. शहाणी पोर, तिनं मनात म्हटलं, सांगितलेलं ध्यानात ठेवलं. बूट आत नेले.

आणि मग तेच शब्द तिनं पुन्हा मनात म्हटले. बूट आत नेले. म्हणजे पायरी रिकामी. रिकामी पायरी तिनं सकाळी बघितली होती. मिरान रात्री तिच्या घरी आली नव्हती. मग इतक्या थंडीत ती कुठे गेली असेल? चाकूनं उघडणारी खिडकी. फळीखालचा कोपरा. ठसे बुजवणारं बर्फ.

ती उठली. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणी तिचा झगा ओढला, पाळक बोलता बोलता थांबले, आणि तिला काही सुचत नव्हतं, फक्त गिलसूचा तो लाल गाल दिसत होता. स्वतःचे बूट शोधायला ती थांबली नाही. मोज्यांनीच ती बर्फातून धावत चर्चला वळसा घालून मागे गेली. धावता धावता ती देवाला म्हणत होती की मी चुकले असू दे, मला वेडी ठरव, सगळ्या गावात माझं हसू होऊ दे, पण आत कुणी नको असू दे.

कडीतला चमचा निघेना. गारठ्यानं बसला होता, आणि ती तो दोन्ही हातांनी ओढत होती. मागून मानबोक आला, त्याला काय चाललंय ते कळलंच नव्हतं. पण आतून काही आवाज येत नाही आणि ही बाई कडीला लोंबकळून रडतेय, एवढं त्याला पुरलं. खाणीतल्या माणसाला गॅस समजावून सांगावा लागत नाही. त्यानं तिला बाजूला केलं आणि कडी कोयंड्यासकट उखडली.

दार उघडलं. तोच वास आला. वलसून उंबऱ्यावर थांबली, एकच क्षण, पण त्या क्षणात तिला वाटलं की आपल्याच्यानं आत पाऊल टाकवणार नाही. मग तिनं तोंडावर झग्याचं टोक दाबलं आणि मानबोकच्या पुढे होऊन आतल्या खोलीत शिरली, कारण पोर कुठल्या कोपऱ्यात असेल हे फक्त तिलाच माहीत होतं.

मिरान फळीखाली मयताच्या चटईत गुंडाळून झोपली होती. गाल लाल. निळे बूट तिनं छातीशी धरले होते.

तिला दोघांनी ओढत बाहेर आणून बर्फावर निजवलं. एव्हाना निम्मी मंडळी मागे जमली होती, कुणाच्या पायांत बूट, कुणाच्या नाही. पंचांच्या बायकोनं, थाककाकूंनी, कुठूनतरी मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी आणलं, गॅस लागलेल्या माणसाला मुकगोलमध्ये आधी तेच देतात. पोर काही गिळेना, पाणी ओठांवरून मानेवर ओघळलं. वलसून तिच्या गालांवर चापट्या मारत होती, नाव घेत होती, कधी मिरानचं, कधी गिलसूचं. बघणाऱ्यांना ते दुसरं नाव कुणाचं ते कळलं नाही. मग मिरानच्या घशातून एक आवाज आला, ती कुशीवर वळली आणि भडभडा ओकली. तिथे कुणीतरी हुंदका दिला. तो मानबोक होता.

खाणीच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. जगेल, असं डॉक्टर म्हणाले. डोकं काही दिवस दुखेल. मानबोक पलंगाशी बसला. मिरान शुद्धीवर आली तेव्हा तिनं आधी आजूबाजूला हात फिरवून बूट शोधले आणि बापाला बघून ते चादरीखाली ओढून घेतले. मानबोक ते बघत राहिला. मग उठून बाहेर गेला आणि त्या दिवशी परत आत आला नाही.

वलसून बाहेरच्या बाकावर होती. पायांना कुणीतरी बँडेज बांधलं होतं. थाक पंच येऊन शेजारी बसले. त्यांच्या खिशात कुलूप असणार याची तिला खात्री होती. तिला आता केंद्र बंद होईल याचं भय वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, की पोर मरता मरता वाचली आणि आपण केंद्राचा विचार करतोय. पण केंद्र गेलं तर पोर पुन्हा जाणार कुठे?

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी दार उघडून बघितलं नाही. घाबरले. केंद्राला काही बोलू नका."

"पोरीनं बूट आत का नेले?" पंचांनी विचारलं. त्यांचा आवाज एरवीसारखा नव्हता.

"मी सांगितलं होतं. बापाला दिसू नयेत म्हणून." वलसूननं त्यांच्याकडे बघितलं. तिला या माणसाची कायम धास्ती वाटत आली होती. ती तेव्हाही वाटत होती, तरी ती बोलली. "पंच, मानबोकच्या आणि तुमच्या घराची मधली भिंत एकच आहे."

 थाक पंच स्वतःच्या पायांकडे बघत बसले. मग उठले आणि गेले.

बुधवारी उद्घाटन झालं नाही. त्या आठवड्यात कोठारातून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला, आणि पंच दाराला फळ्या मारतायत असं समजून वलसून तिकडे फिरकलीच नाही. शेवटी पाळकांनी तिला हाताला धरून नेलं. जमीन पुन्हा उकरून बुजवली होती, खिडक्यांच्या वर वाऱ्यासाठी झरोके पाडले होते. आणि दाराच्या आत, भिंतीला लागून, गुडघ्याएवढं लाकडी कपाट होतं, खणाखणांचं. थाक पंच तोंडात खिळे धरून शेवटची फळी ठोकत होते.

"इथे बाहेर कुणी बूट काढायचे नाहीत," ते खिळ्यांमधून म्हणाले. "एकानंही. पंच आला तरी त्याचे आत. चिखल होईल म्हणून बायका बोंबलतील, बोंबलू देत."

मग त्यांनी खिळे हातात घेतले आणि तिच्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "आणि वलसूनताई, वडी घालायच्या आधी दार उघडायचं. आत जायचं. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. पायरीचं काही ऐकायचं नाही."

केंद्र उघडलं त्या दिवशी खूप पोरं आली. आतून गाणी आणि नूडल्सचा वास येत होता आणि बाहेर पायरीच्या दगडावर एकही बूट नव्हता. संध्याकाळची वडी बदलायला वलसून बाहेर आली, तेव्हा मानबोक त्या पायरीसमोर उभा होता. प्यायलेला होता की नाही ते तिला कळेना.  शरदात ती भिंतीला चिकटली होती, इथे मागे भिंतही नव्हती.

"मिरान आत आहे?" त्यानं विचारलं.

 हातातला चिमटा पुन्हा वाजायला लागला होता.

"पायरीवर बूट दिसतायत का तुला?" ती म्हणाली.

मानबोकनं पायरीकडे बघितलं. दगड कोरा होता. आत कुणीतरी मोठ्यानं हसलं, पोर की पोरगी ते दाराबाहेर कळत नव्हतं. दार उघडायला त्याला एक पाऊल पुरलं असतं. ते पाऊल त्यानं उचललं नाही. मग त्यानं मान हलवली, नाही दिसत, असं म्हणाला आणि खाणीच्या रस्त्यानं निघून गेला.

तो वळणाआड होईपर्यंत वलसून हलली नाही. मग ती पायरीवर बसली. भीती कुठे गेली नव्हती. उद्याही तो येईल, परवाही येईल, आणि जमीन तापतच राहील. चिमटा भिंतीला टेकवून तिनं बूट काढले, ते हातात घेतले, दार सरकवलं आणि वडीला हात लावायच्या आधी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आत गेली.